सिनेमासाठी ग्राफिक्स कार्ड घेताना जीबी विचारू नका

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, "किती जीबीचं आहे?", म्हणजे कार्डावर मेमरी किती. गेम खेळणाऱ्याने तो जरूर विचारावा. पण हॉलमधल्या टीव्हीला जोडून सिनेमे बघायला पीसी असेंबल करायचा असेल, तर जीबीवरून जवळजवळ काहीच कळत नाही. दाबून साठवलेला सिनेमा उलगडून दाखवण्याचं काम चिपच्या एका छोट्या कोपऱ्यात चालतं. तो कोपरा कोणत्या पिढीचा आहे, हे विचारायला हवं.

त्या कोपऱ्यावर किती भार पडतो ते आधी बघू. ४केच्या एका चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला आठ-आठ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे ४७८ कोटी बिट होतात. नेटफ्लिक्स मात्र ४केसाठी सेकंदाला १५ मेगाबिट, म्हणजे दीड कोटी बिटांचं इंटरनेट पुरेसं मानतं. माहिती तीनशे पटींहून जास्त आकसलेली असते आणि तरी आपल्याला चित्र धड दिसतं. मला यात आजही नवल वाटतं.

हे तीन युक्त्यांनी साधतं. आपल्या डोळ्यांना उजेड-अंधारातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही. म्हणून चार ठिपक्यांमागे रंग एकदाच साठवतात, आणि निम्मा भार तिथेच उतरतो. दुसरं म्हणजे, लागोपाठच्या चित्रांत बहुतेक गोष्टी त्याच असतात. मागच्या चित्रातला कोणता तुकडा किती सरकला, एवढं लिहिलं की भागतं. उरलेल्या तपशिलासाठी 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' हे गणित वापरतात. चित्राचा चौकोनी तुकडा ते ठळक आणि बारीक लहरींच्या बेरजेत मांडतं. मग डोळ्याला न जाणवणाऱ्या बारीक लहरी टाकून देता येतात. हे गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. जेपीईजी फोटो, डीव्हीडी आणि व्हिडिओ दाबण्याचे फॉरमॅट, म्हणजे २००३चं एच.२६४, २०१३चं एचईव्हीसी, २०१८चं एव्ही१ या सगळ्यांत ते कोणत्या ना कोणत्या रूपात आहेच. भारतातल्या शाळांमध्ये नासिर अहमद हे नाव शिकवलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता उलगडण्याकडे वळू. ग्राफिक्स कार्डात शेकडो-हजारो छोटे गणनाघटक असतात. एकच काम लाखो ठिपक्यांवर एकाच वेळी करायचं असेल तर ते फार उपयोगी पडतात. पण दाबलेल्या व्हिडिओतले बिट एकामागून एकच वाचावे लागतात. आधीचा कळल्याशिवाय पुढच्याचा अर्थ लागत नाही. इथे हजार हातांचा उपयोग नाही. म्हणून कंपन्या चिपवर यासाठी वेगळं मंडल कोरतात, ते म्हणजे डीकोडर. चकलीच्या सोऱ्याने भाजी चिरता येत नाही, पण चकली पाडण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. डीकोडरचं तसंच आहे. मात्र जो फॉरमॅट त्यात कोरलेला नाही, तो त्याला नंतर शिकवता येत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घोंघावू लागतो आणि चित्र अडखळतं.

एनव्हिडियाचं जीटी ७१० हे स्वस्त कार्ड कित्येक वर्षं विकलं गेलं. त्याला एच.२६४ जमतं, एचईव्हीसी जमत नाही. २०१७चं जीटी १०३० दहा बिटांचं एचईव्हीसी सहज उलगडतं, पण एव्ही१ त्याच्या आवाक्याबाहेर आहे. आणि नवं म्हणजे सगळं आलं असंही नाही. एएमडीच्या २०२०च्या आरएक्स ६००० मालिकेत एव्ही१ होतं. त्याच मालिकेत २०२२ साली आलेल्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या धाकट्या कार्डांमधून ते काढून टाकलं होतं. दुकानदाराला मॉडेलचं नाव विचारा आणि तिथेच उभं राहून मोबाइलवर कंपनीची डीकोडरची यादी बघा.

मुळात कार्ड लागतंच का? इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्येच एव्ही१चा डीकोडर आहे. (नावाच्या शेवटी एफ असलेले प्रोसेसर टाळा, त्यांच्यात ग्राफिक्स नसतं.) इंटेलचा अवघ्या ६ वॅटचा एन१०० हा प्रोसेसर सुद्धा ४के सिनेमा आरामात दाखवतो. मुंबईतल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये पीसी कानापासून हाताच्या अंतरावर असतो. हीटसिंकची, म्हणजे चिपवर बसवलेल्या धातूच्या पात्यांची, उष्णता फेकण्याची ताकद चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. मे महिन्यात खोलीच ३३ अंशांवर असते, त्यामुळे पंख्याला जास्त पळावं लागतं आणि संथ प्रसंगात त्याचाच आवाज ऐकू येतो. फक्त बघायचंच असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: कार्ड घेऊ नका.

जुन्या डीव्हीडींचा संग्रह असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या (पाल) डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. ४केच्या पडद्यावर त्याच्या बरोबर वीसपट ठिपके भरायचे असतात, म्हणजे विसातले एकोणीस ठिपके हिशेबाने रचलेले असतात. ते किती चांगले रचले जातात यावर कपड्याची वीण, केसांच्या बटा टिकतात की विरघळतात हे ठरतं. हे काम एकाच वेळी लाखो ठिपक्यांवर चालतं, म्हणून इथे ते हजारो गणनाघटक कामी येतात. मॅडव्हीआरसारखी चित्र सुधारणारी सॉफ्टवेअर त्यांना पुरेपूर राबवतात. एचडीआर, म्हणजे जास्त उजेड-अंधार साठवणाऱ्या, सिनेमाचा उजेड साध्या प्रोजेक्टरच्या मर्यादेत बसवायलाही तीच ताकद लागते.

पोर्टचं थोडक्यात सांगतो. एचडीएमआय १.४ वर ४के सेकंदाला ३० चित्रांपर्यंतच जातं, २.० वर ६०. पीसी आणि टीव्हीच्या मधला एव्ही रिसीव्हर (स्पीकर जोडायचा डबा) जुना असून त्यात एचडीसीपी २.२ ही कॉपी रोखणारी सोय नसेल, तर संरक्षित ४के पुढे सरकत नाही.

शेवटी वेग. टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो आणि सिनेमात चित्रं २४. मग एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असं दाखवावं लागतं, आणि कॅमेरा हळू फिरताना हिसके जाणवतात. आपल्याकडच्या टीव्ही मालिका २५च्या, त्यांना ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० वेळा) लागतात. बरेचसे सिनेमे डिजिटल स्वरूपात नेमके २४ नसून २३.९७६ असतात. कोडी या सिनेमे बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओप्रमाणे टीव्हीचा वेग बदलण्याची सेटिंग आहे, ती चालू करा आणि श्रेयनामावली वर सरकताना बघा. साधारण ४२ सेकंदांनी एकदाच हिसका बसत असेल, तर टीव्ही २४वर चालला आहे. विंडोजच्या यादीत २३ किंवा २३.९७६ हर्ट्झ असा वेगळा पर्याय असतो, तो निवडा.