माळरानावर वन्यजीवांचे फोटो काढायचेत? परवानगी कुणाची, कागद कोणते

मराठवाड्यातले काळवीट, खोकड, लांडगे अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. गायरानात, पडीक माळावर, ज्वारीच्या रानातही दिसतात. त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी जमीन कुणाची ते बघा. गट नंबर माहीत असेल तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा फुकट पाहता येतो.

खाजगी रानात मालकाचा होकार लागतो, तो लेखी घेतलेला बरा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीला पत्र देऊन पोच घ्या. मेंढ्या राखणाऱ्या धनगरालाही रामराम घाला. लांडग्याची वाट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते. वनखात्याच्या जमिनीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यामार्फत उपवनसंरक्षकांकडे अर्ज करा.

बीडचं नायगाव मयूर किंवा धाराशिवचं येडशी रामलिंग घाट ही अभयारण्यं. इथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम २८ लागतं आणि परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अधिकारात येतो. अर्जदाराकडे पदवी हवी, अशी अट कायद्यात नाही. मात्र २०२२ च्या दुरुस्तीनंतर अधिवासात काही बदल न करता आणि प्राण्यांना अपाय न होता छायाचित्रण, चित्रीकरण करायचं, हे कलमातच लिहिलंय. अर्ज वन्यजीव विभागाच्या स्थानिक कार्यालयात द्या. सोबत आधारची प्रत, फोटो, गाडीचं आरसी बुक, बरोबरच्या माणसांची नावं, कॅमेरा-लेन्सची यादी आणि फोटो कशासाठी हवेत याचं पानभर टिपण जोडा. संस्थेचं काम असेल तर तिचं पत्रही. ड्रोनचा उल्लेख वेगळा करा; कॅमेऱ्याच्या परवान्यात तो आपोआप येतो असं धरू नका.

परवाना मिळाला म्हणजे सगळं चालतं, असं नाही. कायद्यातल्या ‘शिकारी’च्या व्याख्येत प्राण्याला हाकणं, आमिष दाखवणं आणि पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कळीत करणंही येतं. काळविटामागे गाडी घालणारे हौशी लोक हे सोयीस्कर विसरतात. टिटवी आणि धाविक हे पक्षी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, खड्यांत खपून जातील अशी. तिथे पाऊल जपूनच टाकावं.

संवर्धनासाठी म्हणाल तर नुसत्या प्राण्याच्या फोटोपेक्षा माळाचा फोटो जास्त कामाचा, कारण सरकारदप्तरी माळ बहुधा ‘पडीक’ असतो. दर हंगामात त्याच जागेवरून, त्याच दिशेने फोटो घ्या. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं ओळखू येतील इतक्या जवळूनही एक घ्या. तारीख आणि गट नंबर लिहून प्रती गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या, म्हणजे लोक जैवविविधता नोंदवहीत नोंद करता येईल. लांडग्याच्या बिळाचा आणि घरट्याचा नेमका ठिकाणा मात्र फेसबुकवर टाकू नका. तो वनरक्षकालाच सांगा.