नाना आणि मोटा: प्रयोगशाळेतले दोन पांढरे उंदीर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात नाना म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ, सगळ्यांत मोठे. त्यामुळे मी अ‍ॅनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठीचे प्राणी सांभाळतात तिथे, नोकरीला लागले त्या दिवशी तिथल्या गुजराती काकांनी तळहातावरचा बोटाएवढा प्राणी दाखवून "आ नाना उंदर" म्हटलं, तेव्हा मला हसू आवरेना. गुजरातीत नाना म्हणजे लहान! नाना म्हणजे माऊस, मोटा म्हणजे रॅट. मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणून मोकळे होतो. आत्या अजून विचारते, "तुझे ते छोटे उंदीर मोठे झाले की रॅट होतात ना गं?"

नाही होत, आत्या. माऊस म्हणजे मुस मुस्क्युलस, वाढून वाढून तीस-चाळीस ग्रॅमचा. रॅट म्हणजे रॅटस नॉर्वेजिकस, सहज 300 ग्रॅमच्या वर जातो. एकाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 20 जोड्या, दुसऱ्याच्या 21. (आपला मूषक आणि लॅटिन मुस हे एकाच मुळातले शब्द. पण आमच्या गल्लीतल्या गणपतीपुढचा मूषक, त्याची शेपटी बघता, रॅटच आहे.)

घोळ होतो तो रॅटच्या पिल्लाशी. तीन आठवड्यांचं पिल्लू वजनाला मोठ्या माऊसएवढंच भरतं. तेव्हा पावलं बघायची. पिल्लाची पावलं बापाच्या चपला घातलेल्या पोरासारखी दिसतात. डोकं जड, नाक बोथट, शेपटी बुडाशी जाड. माऊसचं तोंड टोकदार, कान डोक्याच्या मानाने मोठे, शेपटी दोऱ्यासारखी.

सांभाळण्यातला फरक मात्र हळूहळू कळतो. माऊसला थंडी फार. त्याला तिशीच्या आसपासचं तापमान सुखाचं, आणि खोली असते बावीस-तेवीस अंशांवर. मे महिन्यात बाहेर बडोदा भाजत असतं, आम्ही एसीत खूश, आणि हे बिचारे कुडकुडतात. म्हणून पिंजऱ्यात भुशावर कागदाच्या पट्ट्या टाकायच्या. सकाळी टाकल्या की दुपारपर्यंत वाटीसारखं घरटं तयार, आणि आत पाच-सहाजण एकमेकांवर रचलेले. नरांचं मात्र जपून. अनोळखी नर एकत्र ठेवले की चावाचावी ठरलेली.

रॅट त्या मानाने समंजस, माणसाळणारा. गुदगुल्या केल्या तर आपल्याला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत चिवचिवतो, हे यंत्राने नोंदवलेलं आहे. त्याला शेपटीने उचलायचं नाही. कातडी सोलून निघते. खांद्यांखाली हात घालून, अंगाला टेकवून उचलायचं. माऊसला शेपटीने उचलण्याची जुनी सवय अजून दिसते, पण त्याने तो धास्तावतो. ओंजळीत किंवा नळीत घेतला की शांत राहतो.

पहिल्याच महिन्यात एका रॅटच्या डोळ्यांतून रक्त येतंय म्हणून मी धावत सुटले होते. काकांनी कापसाने पुसून दाखवलं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पाझरणारं ते लालसर रंगद्रव्य. रक्ताचा थेंबही नव्हता. पण दुर्लक्ष करायचं नाही, कारण रॅटवर ताण आला किंवा तो आजारी असला की ते वाढतं. त्या पिंजऱ्याची पाण्याची बाटली तुंबलेली निघाली.

कुठल्या कामाला कोण, हेही शरीरावरच ठरतं. माऊसच्या अंगात रक्त जेमतेम दोन मिलिलिटर, तेव्हा वारंवार नमुने घ्यायचे तर रॅट. पित्ताशयाचा अभ्यास असेल तर माऊस, कारण रॅटला पित्ताशयच नसतं! एखादं जनुक बंद करून काय बिघडतं ते बघायचं, तर तिथेही वर्षानुवर्षं माऊसच पुढे. त्या तंत्रालाच 2007 चं नोबेल मिळालं. म्हणूनच संस्थेच्या नीतिसमितीकडे अर्ज करताना नुसतं 'उंदीर' लिहून भागत नाही. प्रजाती, वाण, संख्या आणि तेवढेच का, हे सगळं मांडावं लागतं.

दोघांना एका खोलीत मात्र कधीच ठेवत नाहीत. रॅट माऊसला मारून खातो, आणि माऊसला त्याचा नुसता वास आला तरी भीती वाटते. आमच्या अंगावरून तो वास जाऊ नये म्हणून रोजची फेरीही ठरलेली: सकाळी आधी नाना, मग मोटा. उलटं करायचं झालं तर अंघोळ करून, कपडे बदलून.