क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ म्हणजे किडनी ठणठणीत, हा समज अपुरा आहे

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर वर्षानुवर्षे एक संदेश फिरत असतो : ‘रक्तातील क्रिएटिनिन नॉर्मल आले, की किडनी शंभर टक्के ठणठणीत.’ अहवालात आकडा मर्यादेत दिसला, की असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे.

क्रिएटिनिन मुख्यतः स्नायूंमध्ये तयार होते आणि मूत्रपिंडे ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे वयोवृद्ध किंवा कृश व्यक्तीच्या शरीरात ते मुळातच कमी तयार होते, आणि गाळण्याची क्षमता बरीच घटली तरी आकडा मर्यादेतच राहू शकतो. म्हणूनच क्रिएटिनिनसोबत वय आणि लिंग लक्षात घेऊन ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, काढला जातो. २०२१ च्या प्रचलित सूत्रानुसार, क्रिएटिनिन १.० असलेल्या २५ वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे १०७ येतो, तर तेवढेच क्रिएटिनिन असलेल्या ७० वर्षांच्या स्त्रीचा जेमतेम ६०. माझ्या मते घरातील ज्येष्ठांचा अहवाल वाचताना हा फरक विसरता कामा नये.

अहवालावर ईजीएफआर छापला आहे का, ते पाहावे. नसल्यास प्रयोगशाळेकडे मागावा. मात्र एकाच अहवालाने घाबरून जाऊ नये, कारण आदल्या रात्रीच्या मटणानेही क्रिएटिनिन तात्पुरते वाढू शकते. ईजीएफआरचा ६० पेक्षा कमी आकडा किमान तीन महिने टिकला, तरच तो दीर्घकालीन विकार मानतात. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासावे, कारण ईजीएफआर चांगला असतानाही लघवीतून त्याची गळती सुरू झालेली असू शकते.