पीएचपीच्या ई_ऑलमध्ये खरंच 'ऑल' होतं का?

वेबसाइट बनवायच्या पीएचपी भाषेतला जुना कोड नव्या सर्व्हरवर टाकला की पेजभर 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल'चा (किंमत न देताच वापरलेल्या नावाच्या तक्रारीचा) पाऊस पडतो आणि पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, अरे काल तर नीट चालत होतं! चालत नव्हतं हो, गप्प बसलं होतं. ते गप्प का बसायचं, आणि 'सगळ्या एरर दाखव' सांगणाऱ्या ई_ऑल या सेटिंगमध्ये खरंच सगळं होतं का, हे कळायला १९९८ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी पीएचपी ३ आलं तेव्हा एररच्या मोजून चार पातळ्या होत्या. साधी एरर १, वॉर्निंग २, पार्स एरर (कोड वाचताच न येणं) ४ आणि स्टाईलबद्दलच्या किरकोळ सूचना ८. आकडे दुप्पट दुप्पट का, तर प्रत्येक पातळीला एक बिट (चालू-बंदचं एक बटणच), म्हणजे हव्या त्या पातळ्यांची बेरीज करून एकच आकडा सेटिंगमध्ये टाकायचा. डिफॉल्ट होता ७. करा बेरीज, १ अधिक २ अधिक ४. आठवाला, म्हणजे नोटीस, पहिल्या दिवसापासून बाहेर, आणि अनडिफाइन्ड व्हेरिएबलची तक्रार नेमकी त्यातच.

त्या काळात ते सोयीचंही होतं म्हणा. फॉर्ममधलं फील्ड आपोआप व्हेरिएबल बनून समोर यायचं (हे रजिस्टर ग्लोबल्स प्रकरण २००२ मध्ये ४.२ ला डिफॉल्ट बंद झालं), आणि फॉर्म सबमिट व्हायच्या आधी पेज उघडलं की ते व्हेरिएबल नसायचंच, मग दरवेळी नोटीस दाखवली असती तर नवशिका पहिल्याच दिवशी पळाला असता. पण किंमत मोजावी लागली. माझ्याकडे एकदा बिलाचं एक जुनं पेज आलं होतं, त्यात डिलिव्हरी चार्जच्या व्हेरिएबलमध्ये एका ओळीत अमाउंटच्या स्पेलिंगला एक एम आणि खालच्या ओळीत दोन एम. दोन एमवालं व्हेरिएबल अस्तित्वातच नाही, म्हणून पीएचपीने त्याला नल (काहीच नाही) धरलं, बेरजेत नलचा शून्य झाला आणि त्या प्रकारच्या बिलात डिलिव्हरी चार्ज कधी लागलाच नाही. स्क्रीनवर चकार शब्द नाही. नोटीस चालू केल्यावर दोन मिनिटांत सापडलं.

२००४ ला पीएचपी ५ आलं आणि सोबत ई_स्ट्रिक्ट, आकडा २०४८. पीएचपी ४ च्या धाटणीचे क्लास (कोडचे साचे) लिहिले की टोकायचं हे त्याचं काम. आता गंमत बघा, पीएचपी ४ चा सगळा कोड ओरडायला लागू नये म्हणून हे ई_ऑलमध्ये घेतलंच नाही. नाव ऑल, किंमत २०४७, म्हणजे २०४८ च्या आधीच्या सगळ्या बिटांचीच बेरीज! २००६ च्या ५.२ ला रिकव्हरेबल एरर (गंभीर, पण सावरता येणारी) आली, ४०९६ ची, ती मात्र ऑलमध्ये बसली, म्हणून ६१४३. २००९ ला ५.३ मध्ये डेप्रिकेटेड (पुढे काढून टाकायच्या गोष्टी वापरल्याची सूचना, ८१९२) आणि त्याचं यूजरवालं भावंड (१६३८४) आलं आणि ऑल झाला ३०७१९. स्ट्रिक्ट अजून दाराबाहेरच. शेवटी २०१२ ला ५.४ मध्ये त्याला आत घेतलं, ३२७६७, म्हणजे पंधराच्या पंधरा बिट चालू. आठ वर्षं लोक ई_ऑल लावून आपण सगळं बघतोय असं समजत होते.

बरं, ऑल पूर्ण झाला तरी डिफॉल्ट तसाच राहिला, नोटीस, स्ट्रिक्ट आणि डेप्रिकेटेड वगळून.

मोठी उलथापालथ ७ आणि ८ ची. डिसेंबर २०१५ ला ७.० आलं आणि बऱ्याच फेटल (स्क्रिप्ट तिथेच बंद पाडणाऱ्या) एरर एक्सेप्शनसारख्या फेकल्या जायला लागल्या, म्हणजे ट्राय-कॅच लिहून कोडमध्येच पकडता येतात, पांढरं पान बघत बसायला नको. स्ट्रिक्टच्या सूचना दुसऱ्या पातळ्यांत वाटून टाकल्या, काही काढूनच टाकल्या, म्हणजे पातळी राहिली नावापुरती. मग नोव्हेंबर २०२० चं ८.०, त्यात डिफॉल्ट थेट ई_ऑल, आणि अनडिफाइन्ड व्हेरिएबलला नोटीसवरून वॉर्निंगची बढती. आणखी एक, ओळीच्या आधी ॲट चिन्ह (@) लावून तोंड दाबायची आपली लाडकी सवय. आधी ॲट लावलं की त्या ओळीपुरतं रिपोर्टिंग शून्य व्हायचं, फेटलसुद्धा गायब, आणि स्क्रिप्ट का मेली ते शोधत रात्र जायची. ८.० पासून शून्याऐवजी ४४३७ होतं, म्हणजे फेटल जातीच्या एरर दिसतातच. ज्यांच्या एरर हँडलरमध्ये (एरर आल्यावर चालणाऱ्या स्वतःच्या कोडमध्ये) 'रिपोर्टिंग शून्य असेल तर गप्प बस' असं लिहिलेलं होतं त्यांना मात्र ते सगळं बदलावं लागलं. फाइल ओपन करताना ॲट लावणं मी अजून समजू शकतो, पण अख्ख्या इन्क्लूडच्या (दुसरी फाइल आत ओढणाऱ्या ओळीच्या) आधी लावणाऱ्यांचं काय करायचं.

पुढच्या ९.० साठी अनडिफाइन्ड व्हेरिएबल वाचलं की सरळ एररच फेकायची, हा प्रस्ताव २०२२ मध्येच मंजूर झालाय. १९९८ ला जे दाखवतही नव्हते ते.

आणि त्या स्ट्रिक्टचं काय झालं? २०२४ च्या ८.४ मध्ये तो कॉन्स्टंटच डेप्रिकेटेड केला, त्याचा बिटही ऑलमधून काढला. आता ई_ऑलची किंमत परत ३०७१९, म्हणजे ५.३ ला होती तीच.