सरपण फोडणे

सरपण फोडणे : घरच्या चुलीत किंवा पाणी तापवण्याच्या बंबात मावेल आणि नीट जळेल अशा बेताने लाकडाचे हाताने तुकडे करण्याचे काम. फोडलेल्या लाकडाला महाराष्ट्रात सरपण, जळण, लाकूडफाटा अशी नावे आहेत. उडालेल्या लहान चपट्या तुकड्यांना ढलप्या म्हणतात.

लाकूड तोडणे आणि लाकूड फोडणे ही मराठीत दोन वेगळी कामे आहेत, आणि भाषा इथे अगदी नेमकी बोलते. तोडणे म्हणजे आडवा छेद देणे : झाड पाडणे, फांद्या उतरवणे, खोडाचे हात-दीड हात लांबीचे ओंडके करणे. फोडणे म्हणजे तो ओंडका उभा उकलणे. लाकडातले तंतू खोडाच्या लांबीला समांतर असतात. ते आडवे कापायला फार बळ लागते, एकमेकांपासून मात्र त्या मानाने सहज सुटतात. म्हणून तोडायची कुऱ्हाड पातळ पात्याची व तीक्ष्ण लागते, तर फोडायची जाड आणि वजनदार चालते. तिची धार फक्त वाट काढते. पुढे पात्याची वाढत जाणारी जाडी पाचरीसारखी आत शिरते आणि दोन्ही बाजू दूर लोटते. बहुतेक घरांत एकच कुऱ्हाड असते आणि दोन्ही कामे तीच करते. फोडण्याची धार दगडावर आपटून बोथट झाली की मग तीच कुऱ्हाड तोडायला नकोशी होते.

कुऱ्हाडीचे पाते लोहार किंवा गावोगाव फिरणारे घिसाडी घडवत आले आहेत. धारेला पाणी किती दिले आहे यावर तिचे आयुष्य ठरते : फार कडक झाली तर गाठीवर धारेचा टवका उडतो, मऊ राहिली तर धार वळते. अडीच-तीन फुटांच्या दांड्यासाठी धामण, धावडा, तिवस अशी चिवट लाकडे निवडतात, कारण दांड्याला कठीणपणाइतकीच लवचीकताही लागते. धामण यात विशेष मानावी. तिचा दांडा हाताला झिणझिण्या कमी आणतो. उन्हाळ्यात दांडा आकसून पाते हलू लागते. तेव्हा कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात, लाकूड फुगून तुंब्यात, म्हणजे पात्याच्या दांडा बसतो त्या मागच्या जाड भागात, घट्ट बसते. हा तात्पुरता उपाय आहे. लाकूड वाळले की पाते पुन्हा सैल होते, म्हणून दांड्याच्या डोक्यात नवी पाचर ठोकणेच खरे. सैल पाते उसळले तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण याच अवजारावरून आली : पाते लोखंडाचे असले तरी लाकडाशिवाय ते झाडापर्यंत पोचत नाही.

फोडायची रीत ओंडक्याच्या आकारावर ठरते. आखूड, जाड ओंडका कठीण जमिनीवर किंवा दुसऱ्या बुंध्यावर उभा ठेवतात. लांब लाकूड आडवे टाकून त्याचे एक टोक दुसऱ्या ओंडक्यावर टेकवतात आणि त्या टोकाकडून चीर पुढे नेत जातात. ते पायाने दाबून धरण्याची सवय सर्रास दिसते आणि पायावरच्या जखमा बहुतेक त्यातूनच होतात. टेकण दिलेले लाकूड पाय न लावताही स्थिर राहते. पाय फाकवून उभे राहावे, म्हणजे नेम चुकला तरी पाते दोन पायांमधल्या जमिनीत जाते. घाव घालताना हात वरून खाली येतात तसे गुडघे किंचित वाकतात आणि कुऱ्हाड आपल्या वजनाने पडते. नवखा माणूस खांद्याने मारतो आणि दहा घावांत दमतो.

खरे कौशल्य घाव कुठे घालायचा ते ओळखण्यात आहे. वाळताना ओंडक्याच्या तोंडावर गाभ्याकडून सालीकडे चिरा पडतात. त्यातली सर्वांत रुंद चीर धरून घाव घालतात. बुंधा फार जाड असेल तर मधोमध मारून उपयोग नसतो, कडेकडेने फोडी काढत आत जावे लागते. फांदी जिथून फुटलेली असते तिथे गाठ असते. तिथे तंतू वळलेले असतात, म्हणून गाठ टाळून तिच्या बाजूने चीर नेतात किंवा ते लाकूड तसेच ठेवून थंडीतल्या शेकोटीत घालतात. घावाचा आवाजही सांगतो. आत काही हललेले नसेल तर आवाज भरीव, बद्द येतो. चीर पडली की तो फाटका होतो, आणि मग पुढचा घाव त्याच रेषेत घालायचा. कुऱ्हाड लहान ओंडक्यात रुतून बसली तर ती ओंडक्यासह उचलून उलटी करतात आणि तुंबा खालच्या ठोकळ्यावर आपटतात, म्हणजे ओंडक्याच्याच वजनाने तो फाटतो.

कुऱ्हाडीला न जुमानणाऱ्या बुंध्यासाठी पाचरी आणि घण लागतो. पहिली लोखंडी पाचर चिरेत ठोकायची, चीर लांबली की पुढे दुसरी. दुसरी बसली की पहिली आपोआप सैल होऊन हाती येते. पाचरी पूर्वी लाकडाच्याही असत. पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात अर्धवट चिरलेल्या लाकडातली पाचर उपसून प्राण गमावणाऱ्या माकडाची गोष्ट आहे, आणि ती पाचर खैराची असल्याचे तिथे आवर्जून सांगितले आहे. खैर कठीण आणि टिकाऊ, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला लाकडे ठाऊक होती. पाचर काढली की ताणलेल्या फाकी क्षणात मिटतात हेही तितकेच खरे. म्हणून चिरेत हात घालून ढलपी ओढू नये, असे आजही घरातली मोठी माणसे पोरांना बजावतात.

प्रत्येक झाडाचे लाकूड वेगळे वागते. देशावर सरपणाचा मान बाभळीला आहे. ती जड, सावकाश जळणारी आणि चांगला निखारा धरणारी. पण वाळली की दगडासारखी होते, म्हणून ती ओली असतानाच फोडून ठेवतात. कोकण किनाऱ्यावर लावलेला सुरू सरळ फुटतो आणि पुरता वाळला नसला तरी पेट घेतो. आंबा फोडायला सोपा, पण त्याचा निखारा टिकत नाही. चिंचेचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने ती फुटत नाही, कुऱ्हाड नुसती चावत राहते. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो तो याच गुणामुळे. खानदेशातला अंजन इतका जड की त्याचा तुकडा पाण्यात बुडतो. पांगारा आणि सावर हलकी लाकडे, भुर्रकन जळून जातात. बिब्ब्याला कोणी हात लावत नाही : त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि धूरही बाधतो. विदर्भ-मराठवाड्याच्या झाडे विरळ असलेल्या पट्ट्यांत पऱ्हाटी आणि तुराट्यांवरच चूल पेटते. तिथे फोडण्याचा प्रश्नच येत नाही, मोडले की झाले.

लाकूड फोडतात ते चुलीत मावावे म्हणून, आणि तितकेच वाळावे म्हणून. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. साल ते पाणी कोंडून धरते आणि अखंड ओंडका मुख्यतः दोन्ही टोकांनीच वाळतो. तो उकलला की आतला पृष्ठभाग वाऱ्याला मोकळा होतो. उकळी आलेल्या एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता जाते. ओले लाकूड जाळणारे घर तेवढी उष्णता भाताच्या पातेल्याऐवजी लाकडातल्या पाण्यावर खर्च करते. अशा लाकडाच्या टोकाला फेस येतो, ते फुसफुसते आणि धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत व छातीत जातो. भाकरीला मनगटाएवढ्या जाडीच्या फोडी लागतात, त्या पुढे-मागे सरकवून जाळ राखता येतो. बंबाला आखूड ढलप्या पुरतात.

हे काम उन्हाळ्याचे. पिके निघाल्यावर सुरू होते आणि मिरगाच्या आत संपावे लागते, कारण त्यानंतर चार महिने काही वाळत नाही. कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या, कामांत घर शाकारण्याबरोबर सरपण भरणे येतेच. रानातून मोळ्या डोक्यावर आणणे बायकांकडे आणि कुऱ्हाड पुरुषाकडे, अशी वाटणी सांगितली जाते. पुरुष कामाला परगावी गेलेल्या घरांत दोन्ही बायकाच करत आल्या, हे मात्र फारसे नोंदले जात नाही. लग्न ठरलेल्या घरी भावकीतली माणसे आधी काही दिवस जमून लाकडे फोडून देत. शहरांत लाकूड वखारीतून येई.

स्वतःच्या शेतातले झाड असले तरी ते सरपणासाठी पाडता येतेच असे नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, आंबा, चिंच, खैर, मोह अशा अनुसूचित झाडांना परवानगी लागते. विदर्भात जंगलालगतच्या गावांना जळाऊ लाकडासाठी निस्तार हक्काची, म्हणजे घरगुती गरजेपुरते जंगलातून घेण्याच्या हक्काची, जुनी परंपरा आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस अनेक घरांत पोचला. चहा-भाजी त्यावर होते. आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण आणि पुष्कळदा भाकरी लाकडावरच राहिली आहे. झाड पाडून ओंडके करायला आता पेट्रोलवरचे कटर आले, फोडणे मात्र बव्हंशी कुऱ्हाडीनेच चालते.

फोडलेले सरपण पडवीत किंवा खोपीत रचतात. तळाला दगड किंवा जाड वासे घालतात म्हणजे ओल आणि वाळवी चढत नाही. साल वर ठेवतात, दोन थरांत वारा खेळेल इतकी फट सोडतात आणि गेल्या वर्षीचे लाकूड पुढच्या बाजूला आणतात. पावसाळ्यात अशा चळतीत विंचू आणि कोकणात फुरसे आसरा घेते. म्हणून लाकूड ओढण्याआधी चळत काठीने ठोकतात, आणि अंधार पडल्यावर लागेल तेवढे सरपण उजेडीच चुलीपाशी आणून ठेवतात.