भीती आधी, अफवा नंतर

१५ जानेवारी १९३४. दुपारी सव्वादोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळ हादरले. भूकंपाची तीव्रता ८ च्या आसपास होती. मुंगेर, मुझफ्फरपूर ही शहरं जमीनदोस्त झाली, दहा हजारांहून जास्त माणसं दगावली. पुढच्या दिवसांत मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी एक वेगळंच काम हाती घेतलं. लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या अफवा ते टिपून ठेवू लागले.

भूकंपाच्या क्षणी गंगेचं पाणी गडप झालं आणि स्नान करणारे वाळूत रुतले. नेपाळच्या सीमेकडून मधुबनीच्या दिशेने पुराचा लोंढा येतोय. पाटण्यावर मोठं वादळ येणार. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार.

लोकांच्या अडाणीपणावर बोट ठेवून मोकळं होणं सोपं होतं. प्रसादांनी ते केलं नाही, आणि मला त्यांचं मोठेपण इथेच दिसतं. १९३५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त त्यांनी लिहिलं ते परिस्थितीबद्दल: घटना अनोळखी, मनं हादरलेली, खरंखोटं पडताळायची सोय नाही आणि विषय सगळ्यांच्याच जिवाचा. अशा वेळी अफवा हा समूहाचा प्रतिसाद असतो.

यातल्या बहुतेक अफवा होत्या त्या धक्का जाणवला, पण डोळ्यांसमोर पडझड नव्हती अशा भागातल्या. जीव वाचलेल्या माणसांनी आणखी भयंकर गोष्टी का पसरवाव्यात?

या कोड्यापाशी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर अडले. त्यांना सुचलं ते असं: अफवेमुळे माणसं घाबरली नव्हती, ती आधीच घाबरलेली होती. छातीत धडधड, पण घर शाबूत. मग एवढं घाबरायचं कारण काय? ‘मोठं संकट येतंय’ या अफवेने ते कारण पुरवलं.

ताळा पाहायला दुसरी नोंद होतीच. १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या, तेव्हाच्या अफवा दुर्गानंद सिन्हा यांनी अभ्यासल्या होत्या. तिथे विध्वंस समोरच होता, भीतीला कारण शोधावं लागत नव्हतं. पुढच्या संकटाची भाकितं करणाऱ्या अफवा सिन्हांना तिथे आढळल्या नाहीत.

मन आणि वास्तव यांचा मेळ बसेना की माणूस तो कसाही बसवू पाहतो, हे फेस्टिंजर यांनी १९५७ च्या पुस्तकात सिद्धांत म्हणून मांडलं. ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ हे नाव आज मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतं. त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत बिहारच्या या अफवांचा उल्लेख आहे.