चॉकलेट कॉब्लर

चॉकलेट कॉब्लर : अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः टेक्सस, टेनेसी, अलाबामा या पट्ट्यात घरोघरी होणारा गरम गोड पदार्थ. वर मऊ केक आणि खाली दाट चॉकलेट सॉस असे त्याचे दोन थर असतात. ते वेगवेगळे करून जोडलेले नसतात. एकाच भांड्यात, भट्टीच्या आत, आपले आपण वेगळे होतात. भांड्यात घालण्याचा क्रम मात्र याच्या नेमका उलटा. तळाला पिठाचे मिश्रण, त्यावर साखर-कोकोची कोरडी भुकटी आणि सगळ्यात वर उकळते पाणी. अर्ध्या-पाऊण तासाने भांडे बाहेर काढावे तर पाणी तळाला गेलेले आणि पीठ वर आलेले असते. अंडे लागत नाही, फेटण्याचे यंत्र लागत नाही आणि केक साच्यातून अखंड निघेल की नाही ही धाकधूकही नाही, कारण तो साच्यातून काढायचाच नसतो. पाने मांडायला घेताना भांडे ओव्हनमध्ये सरकवले, तर जेवणे उरकेपर्यंत गोड तयार.

नावाची गोष्ट. मूळ कॉब्लर फळांचा. पीच, ब्लॅकबेरी, सफरचंद यांच्या फोडी साखरेसह खोलगट भांड्यात घालायच्या, वर कणकेचे जाडसर गोळे टाकायचे आणि भाजायचे. इंग्लंडातून आलेल्या वसाहतकऱ्यांनी आपल्याकडची पुडिंगे आणि ‘पाय’ (कणकेच्या आवरणात सारण भरून भाजलेला पदार्थ) नव्या मुलखातल्या तुटपुंज्या साधनांत बसवताना हा प्रकार घडवला, असे मानले जाते. भाजल्यावर वरचे गोळे फुगून एकमेकांना टेकतात आणि गोट्यांच्या फरसबंदीसारखे (इंग्रजीत असे गोटे म्हणजे ‘कॉबलस्टोन’) दिसतात, म्हणून ‘कॉब्लर’ ही व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. ऐकायला ती छान वाटते, पण तिच्यावर फार भार टाकू नये. १८५९ साली छापलेल्या अमेरिकी बोलीशब्दांच्या एका कोशात कॉब्लरचे वर्णन आहे ते जाड कणकेने मढवलेल्या भांड्यात भाजलेल्या फळांच्या पायचे. तिथे कणीक फळांच्या खालीही आहे. टेक्ससने २०१३ मध्ये पीच कॉब्लरला राज्याचा अधिकृत कॉब्लर ठरवले, यावरून तिकडे या पदार्थाची माया किती ते कळते.

चॉकलेट कॉब्लरमध्ये फळाचा तुकडाही नसतो. मग तो कॉब्लर कसा? व्याख्या काटेकोर लावली तर नाहीच. ते पुडिंग आहे. पण दक्षिणेत फळांच्या कॉब्लरचीही एक सोपी तऱ्हा आहे. एक कप पीठ, एक कप साखर, एक कप दूध एवढे कालवून वितळलेल्या लोण्यात ओतायचे, वर फळे टाकायची आणि हात लावायचा नाही. भट्टीत फळे खाली बसतात आणि पीठ त्यांच्याभोवतीने वर चढते. वर ठेवलेले खाली आणि खाली ओतलेले वर, ही उलथापालथ दोन्हीकडे सारखीच आहे. प्रस्तुत लेखकाला नावामागचे खरे नाते हेच वाटते.

भावंडे. तळाशी स्वतःचा सॉस तयार करणारी पुडिंगे इतरत्रही आहेत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जवळपास हाच पदार्थ ‘सेल्फ-सॉसिंग पुडिंग’ म्हणून घराघरांत होतो. अमेरिकेच्या इतर भागांत त्याला ‘हॉट फज पुडिंग केक’ म्हणतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातला ‘पुदिंग शोमर’ म्हणजे शब्दशः बेकाराचे पुडिंग. १९२९ नंतरच्या महामंदीत कारखान्यांतल्या कामगार बायकांनी तो रूढ केला, असे सांगितले जाते. साध्या केकच्या पिठावर ब्राऊन शुगरचा किंवा मेपलचा गरम पाक ओतून तो भाजतात. या सगळ्या कुळाचा स्वभाव काटकसरीचा आहे. खऱ्या चॉकलेटची वडी यात लागत नाही, कोकोच्या भुकटीवर भागते. ही भुकटी स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी झाली त्याचे मूळ १८२८ मध्ये आहे. त्या वर्षी नेदरलँड्समधल्या व्हान हाउटन कुटुंबाने कोकोतली चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले.

हॉटेलात मिळणाऱ्या ‘लाव्हा केक’शी याची गल्लत होते, ती टाळावी. फ्रेंच शेफ मिशेल ब्रास यांनी १९८१ मध्ये तो प्रकार आणला तेव्हा केकच्या पोटात गोठवलेले चॉकलेट ठेवले होते. आज बहुतेक ठिकाणी केक मुद्दाम कच्चा राखून मधला भाग वाहता ठेवतात. दोन मिनिटे इकडेतिकडे झाली की लाव्हा संपला. कॉब्लरचा सॉस कच्च्या पिठाचा नसतो, चांगला शिजलेला असतो, म्हणून तो इतका नाजूक नाही.

आत काय घडते. पाणी ओतल्यावर पहिले काम साखरेचे. वरच्या थरातली साखर विरघळते आणि साध्या पाण्यापेक्षा जड असा पाक होतो. त्याच वेळी उकळत्या पाण्याच्या आणि भट्टीच्या उष्णतेने पिठातली बेकिंग पावडर वायू सोडू लागते. पीठ हवेच्या बुडबुड्यांनी हलके होते. जड पाक कडांवरून आणि पडणाऱ्या भेगांतून खाली झिरपतो, हलके पीठ वर उचलले जाते. साठ-सत्तर अंशांच्या पुढे पिठातले पिष्ट फुगू लागते, वरचा थर धरतो आणि परत खाली येण्याची वाट बंद होते. खाली राहिलेल्या पाकात कोको असतो आणि वरून सुटलेले थोडे पीठही. कोकोच्या भुकटीतही पिष्ट असतेच. दोन्हींमुळे तो पाक शिजता शिजता दाटतो. म्हणून यात वेगळे कॉर्नफ्लोअर घालावे लागत नाही.

वरच्या थरात कोको साखरेशी आधी मिसळून घेण्यालाही कारण आहे. कोकोच्या भुकटीत दहा-बारा टक्के, कधी त्याहून जास्त चरबी उरलेली असते, त्यामुळे ती पाण्याला चटकन भिजत नाही. नुसती टाकली तर गोळ्या होऊन तरंगते. साखरेचे कण मध्ये आले की तिचे कण सुटे राहतात.

साहित्य आणि कृती. पुढचे प्रमाण सहा-आठ जणांना पुरते. भांडे २० सेंमी चौरस आणि निदान ५ सेंमी खोल हवे. काचेचे असेल तर गंमत बाहेरून बघायला मिळते.

पिठासाठी: मैदा १ कप (सुमारे १२५ ग्रॅ.), साखर ३/४ कप, कोको दीड मोठा चमचा, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, मीठ पाव चहाचा चमचा, दूध १/२ कप, व्हॅनिला १ चहाचा चमचा, लोणी ८५ ग्रॅ. वरच्या थरासाठी: पांढरी साखर १/२ कप, ब्राऊन शुगर १/२ कप, कोको १/४ कप आणि उकळते पाणी दीड कप. कप म्हणजे २४० मिलि.चा अमेरिकी कप. दक्षिणेतल्या पुष्कळ गृहिणी मैदा आणि बेकिंग पावडर वेगवेगळी घेत नाहीत. तिकडे बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेले ‘सेल्फ-रायझिंग’ पीठ वापरतात.

ओव्हन १७५–१८० अंश सेल्सिअसला तापत ठेवावा आणि लोणी भांड्यातच घालून आत सरकवावे. ते वितळेपर्यंत मैदा, साखर, कोको, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून दूध आणि व्हॅनिला घालावे. भज्यांच्या पिठाहून दाट, चमच्यावरून सावकाश सुटेल असे मिश्रण होते. जास्त घोटू नये, मैद्याला चिवटपणा येतो. हे मिश्रण वितळलेल्या लोण्यावर ठिकठिकाणी चमच्याने सोडावे. लोणी कडेने वर येईल, तसेच राहू द्यावे. वरच्या थराची साखर-कोको सारखी पसरावी. मग उकळते पाणी डावाच्या पाठीवरून, अलगद, सगळीकडे पडेल असे ओतावे.

आणि आता ढवळायचे नाही. सगळी कसोटी इथेच. समोर जे दिसते ते पाहून कोणाचाही हात चमच्याकडे जातो: तपकिरी गढूळ पाणी, त्यावर तरंगणारी भुकटी, कडेला लोण्याचे पिवळे थेंब. पदार्थ बिघडला अशीच खात्री पटते. या लेखकाने पहिल्या खेपेला न राहवून दोनच वेळा चमचा फिरवला. हाती लागले ते ना केक ना सॉस, गोडमिट्ट चॉकलेटी खळ.

भाजायला ३५ ते ४० मिनिटे लागतात. विसाव्या मिनिटाच्या आसपास काचेतून पाहिले तर पाणी दिसेनासे झालेले असते, वर तडकलेल्या काळ्या मातीसारखा पापुद्रा धरू लागतो आणि कडेच्या फटींतून जाड बुडबुडे ‘फुट्क’ करून फुटत असतात. केकला सुई टोचून पाहण्याची आपली सवय इथे चालत नाही, कारण सुई तळापर्यंत गेली की ती सॉसने माखूनच बाहेर येणार. वरचा भाग कोरडा, बोट टेकवल्यावर दबून परत वर येणारा, आणि भांडे हलवले की मध्यभाग खालून किंचित थरथरणारा, ही खूण धरावी. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबणे भाग आहे. एक तर पाक अतिशय गरम असतो, जीभ पोळते. दुसरे म्हणजे तो निवतानाच दाटतो.

बिघडते कुठे. सॉस उरलाच नाही तर जास्त भाजले गेले. पाणी आटते आणि उरलेले केक पिऊन टाकतो. पीठ तळालाच चिकटून राहिले तर दोष बहुधा जुन्या बेकिंग पावडरचा. तिचे चिमूटभर गरम पाण्यात टाकून पाहावे, जोरात फसफसली नाही तर ती गेली. उथळ भांड्यात पाक उतू जातो आणि ओव्हनच्या तळाशी जळून दोन दिवस वास मारतो, म्हणून खाली एक ताट ठेवलेले बरे. गोडी कमी करायची तर पिठातली साखर कमी करावी, वरच्या थरातली नव्हे. ती कमी केली की पाक हलका आणि पाणचट होतो. आपल्या जिभेला मूळ प्रमाण गोडच लागते, पिठात अर्धा कप साखर पुष्कळ झाली.

मराठी स्वयंपाकघरात. अंडे नसल्यामुळे हा पदार्थ आपल्याकडे फारशी तडजोड न करता होतो. कपाऐवजी एकच वाटी सगळ्याला वापरली तरी चालते, फक्त लोणी आणि चमच्यांची मापे त्या मानाने कमी करावी लागतात. बाजारातले लोणी बहुधा खारवलेले असते, ते घेतल्यास वेगळे मीठ नको. घरचे लोणी असेल तर त्यात ताकाचा अंश राहिलेला नसावा. ब्राऊन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेला उसाची मळी लावून केलेली साखर. ती नसेल तर गुळाची पावडर घ्यावी. गूळ आणि दूध एकत्र तापले की दूध फाटण्याचे भय असते, पण इथे गूळ वरच्या पाण्याच्या थरात जातो आणि दूध पिठात मुरलेले असते, त्यामुळे अडत नाही. चव मात्र बदलते. कोकोचा कडवटपणा मागे सरून गुळाचा खमंगपणा पुढे येतो, आणि तो वाईट लागत नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ किंवा वाळू पसरून, त्यावर तिवई आणि तिवईवर भांडे ठेवून मंद आचेवर करता येते. वेळ पाऊण तासाच्या वर जातो. अशा वेळी झाकणाला आतून फडके बांधावे, नाहीतर वाफेचे थेंब परत पडून पापुद्रा धरत नाही. अमेरिकेत गुराख्यांच्या तळांवर कॉब्लर लोखंडी ‘डच ओव्हन’मध्ये करत. त्याला तीन पाय आणि काठ उचललेले झाकण असते. निखारे खालीही आणि झाकणावरही. कोकणात काकडीचे धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवतात, ती हीच युक्ती. वरून आच मिळाली की पापुद्रा नीट येतो, हे दोन्हीकडच्या लोकांना आपापले उमगलेले आहे.

वाढताना सुरी नको, डाव हवा. तो तळापर्यंत घालून खालचा सॉस वर आणायचा आणि वाटीत केकवर ओतायचा. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम ठेवतात. दक्षिणेत पेकानचे तुकडेही भुरभुरतात, आपल्याकडे अक्रोड चालतात. तिकडे चर्चच्या सामुदायिक जेवणांत दुप्पट प्रमाणाचे मोठे भांडे भरून नेण्याची पद्धत आहे. टेक्ससमधल्या मराठी घरांनाही पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, असे काही न्यायचे असते तेव्हा अंडे न खाणाऱ्यांची पंचाईत होत नाही.

उरलेला कॉब्लर रात्रभर ठेवला की केक सॉस शोषून घेतो आणि सकाळी फ्रिजमध्ये एक घट्ट वडी सापडते. तीवर दोन-तीन चमचे दूध घालून मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट गरम केली तर थोडा सॉस परत सुटतो. थंडच खाणारेही आहेत, उभ्या उभ्या, फ्रिजचे दार उघडे ठेवून.